व्हिज्युअल स्टुडिओ म्हणजे डॉटनेट नव्हे : या चुका टाळा

कोथरूडमधल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारा साठ्याच्या नोंदींचा प्रोग्राम भोसरीतल्या कारखान्याच्या संगणकावर उघडतच नाही, आणि मग महाविद्यालयीन प्रकल्पाचा सगळा गट रात्रभर कोड तपासत बसतो. दोष बहुधा कोडमध्ये नसतो. व्हिज्युअल स्टुडिओ हे प्रोग्राम लिहिण्याचे व त्यातील चुका शोधण्याचे साधन आहे. तयार झालेला प्रोग्राम चालवण्याचे काम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचा रनटाइम करतो, आणि कारखान्यातल्या संगणकावर नेमका तोच नसतो. लॅपटॉपवर मात्र व्हिज्युअल स्टुडिओबरोबरच तो आलेला असल्यामुळे त्याचे वेगळे अस्तित्व कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर ग्राहकाच्या संगणकावरही व्हिज्युअल स्टुडिओ टाकून देणे हा उपाय सर्रास केला जातो. प्रोग्राम त्याने चालू होतो हे खरे, पण कित्येक जीबी जागा विनाकारण जाते आणि मूळ कारण दडून राहते. तेथे फक्त योग्य रनटाइम हवा असतो.

तो योग्य कोणता, हे ठरवतानाच सर्वाधिक चुका होतात. ‘विंडोज ११ मध्ये डॉटनेट असतेच’ असे ऐकवले जाते. परंतु विंडोजसोबत येते ते २००२ मध्ये सुरू झालेले जुने डॉटनेट फ्रेमवर्क, ज्याची मालिका ४.८.१ वर थांबली आहे. २०१६ मध्ये डॉटनेट कोअर या नावाने आलेली आणि २०२० पासून नुसती डॉटनेट ५, ६, ७, ८ अशी ओळखली जाणारी शाखा वेगळी असून ती स्वतंत्रपणे बसवावी लागते. आवृत्ती नवी असली म्हणजे भागेल, हेही गृहीत धरू नये. डॉटनेट ८ साठी बांधलेला प्रोग्राम, मुद्दाम तशी सूचना दिली नसेल तर, केवळ डॉटनेट ९ असलेल्या संगणकावर चालत नाही. शिवाय खिडक्या आणि बटणे असलेल्या प्रोग्रामला साधा रनटाइम पुरत नाही, डेस्कटॉप रनटाइम लागतो. आणि प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर रनटाइमही ३२ बिटचाच हवा.

म्हणून अंदाज बांधण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर ‘डॉटनेट’ या आज्ञेला ‘लिस्ट-रनटाइम्स’ हा पर्याय जोडून (dotnet --list-runtimes) त्या संगणकावर काय काय बसवलेले आहे ते पाहावे, आणि प्रोग्रामसोबत तयार होणाऱ्या ‘रनटाइमकॉन्फिग’ फाइलमध्ये कोणती आवृत्ती मागितली आहे ते ताडून बघावे. ही फाइल आणि प्रोग्रामचा खरा कोड असलेली सोबतची डीएलएल फाइल मागे ठेवून पेनड्राइव्हवर फक्त ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारी फाइल, नेण्याची सवय मोडायला हवी. साध्या बांधणीत ती एकटी फाइल निरुपयोगी असते.

जावाचे विद्यार्थीही याच खड्ड्यात पडतात. एक्लिप्स हे जावा प्रोग्राम लिहिण्याचे साधन ज्या जावावर स्वतः चालते ती एक, प्रकल्प ज्यासाठी बांधला जातो ती दुसरी आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर असलेली तिसरी, असे सहज होऊ शकते. क्लास फाइलची (बांधणीतून तयार होणाऱ्या जावा फाइलची) आवृत्ती ६१ असल्याची तक्रार आली, तर ती फाइल जावा १७ साठी बांधलेली आहे. ५५ म्हणजे जावा ११. अशा वेळी एक्लिप्स पुन्हा बसवून काहीही साधत नाही. बांधणी करताना जुनी आवृत्ती निवडावी किंवा चालवण्याच्या जागी नवी जावा बसवावी.

ग्राहकाच्या संगणकाला हात लावणे शक्य नसेल, तर डॉटनेटमध्ये प्रोग्राम प्रकाशित करताना रनटाइम त्याच्यासोबतच बांधून देता येतो. माझ्या मते छोट्या कारखान्यांसाठी हाच मार्ग बरा, जरी त्यामुळे आकार बऱ्याच एमबींनी वाढतो. मात्र सोबत दिलेल्या रनटाइममधली सुरक्षेची छिद्रे विंडोज अपडेट बुजवत नाही. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली की आपल्याला प्रोग्राम नव्याने बांधून भोसरीला पोहोचवावा लागतो, आणि ही जबाबदारी प्रकल्पाचे गुण मिळाल्यानंतर कोण घेणार हे कारखानदाराशी आधीच ठरवून ठेवावे.