काळ्या मातीवरच्या अंगणासाठी चुना आणि फायबर कसे वापरावे

विदर्भात, मराठवाड्यात, सोलापूरकडे पोर्चची फरशी दोन पावसाळ्यांत उचलली की गवंड्याला शिव्या बसतात. बऱ्याचदा दोष मातीचा असतो. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. चुना हे फुगणं कमी करतो, पण घट्ट झालेली माती ठिसूळ होते. फायबरचे धागे तिला तडकताना धरून ठेवतात. म्हणून दोन्ही लागतात. नुसतं फायबर टाकून फुगणं पुरेसं थांबत नाही, विकणारा काहीही म्हणो.

हे काम अंगण, पोर्च आणि गाडीवाटेसाठी आहे. घराच्या पायाचा निर्णय इंजिनिअरवर सोडा.

आधी माती तपासा. वरची मुळं-पालापाचोळ्याची माती सोडून खालची घ्या. वाळवून, कुटून, बारीक चाळा. 100 मिलीच्या दोन काचेच्या मोजनळ्यांत प्रत्येकी 10 ग्रॅम टाका. एकीत शुद्ध पाणी भरा, दुसरीत रॉकेल, आणि हवेचे बुडबुडे जाईपर्यंत ढवळा. 24 तासांनी दोन्हीकडचा थर बघा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे फरक थेट दिसतो. रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 18 मिली भरली, तर फुगवटा 80 टक्के. पन्नासच्या आत असेल तर एवढा खटाटोप बहुधा लागत नाही. शंभरच्या वर गेला तर प्रयोगशाळा गाठाच. जमिनीवर पांढरे क्षार फुटत असतील तर सल्फेटही तपासून घ्या, कारण सल्फेट जास्त असेल तर चुन्यामुळे माती उलट जास्त फुगू शकते.

मग हिशेब. 10 बाय 20 फूट जागा आणि 6 इंच थर धरला, तर कोरडी माती साधारण सव्वाचार टन भरते. चुना सहसा कोरड्या मातीच्या 3 ते 8 टक्के लागतो. 5 टक्के धरला तर 210 किलोच्या आसपास. फायबर पाव टक्का, म्हणजे साडेदहा किलो. नेमकं प्रमाण प्रयोगशाळेकडून घेतलेलं बरं. फायबर 12 मिलिमीटर लांबीचं, पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. चुन्याच्या तीव्र अल्कलीत पॉलिएस्टर हळूहळू खराब होतं. चुना विरवलेला, बंद पिशवीतला, ताजा हवा. उघड्यावर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होतो.

काम पावसाळ्यानंतर, माती वाळल्यावर काढा. ओल्या काळ्या मातीची ढेकळं फुटत नाहीत, नुसती फावड्याला चिकटतात. थर खणून बाजूला काढा आणि ढेकळं हरभऱ्याएवढी होईपर्यंत फोडा. चुना पसरून कोरडंच कालवा, मग झारीने पाणी शिंपडत पुन्हा कालवा. चष्मा, हातमोजे, तोंडाला फडकं. डोळ्यात चुना गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा.

आता ढीग ताडपत्रीने झाकून एक दिवस ठेवा. घाई असलेला मजूर नेमकं हेच टाळतो, आणि सगळं इथेच बिघडतं. दुसऱ्या दिवशी तीच चिकट माती भुसभुशीत झालेली दिसेल, बोटांत चुरेल. पण आठवडाभर तशीच पडू देऊ नका, चुना वाया जातो.

फायबर आता घाला, आधी नाही. चिकट चिखलात धागे गोळा होतात. ते हाताने मोकळे करून मूठमूठ पसरा आणि प्रत्येक वेळी कालवा. गुच्छ दिसला तर उपटून पुन्हा मोकळा करा. ओलावा बघायला मूठ दाबा: गोळा टिकला पाहिजे, हाताला पाणी सुटता कामा नये.

लगेच कुटा. त्याच दिवशी तीन-तीन इंचांचे दोन थर, धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने. पहिला थर थोडा खरवडून दुसरा टाका. नंतर निदान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, त्यावर गाडी नको. थंडीत ही मुदत वाढवा.

फरशीच्या कडेबाहेर दीड फूट तरी हाच थर घ्या, आणि छताच्या पन्हाळीचं पाणी पाइपने लांब सोडा. कडेला पाणी मुरत राहिलं तर माती तिथूनच फुगते आणि फरशीचा कोपरा उचलतो.