पोलो टी-शर्टवर बारीक अक्षरांचे मशीन भरतकाम कसे करावे

होजिअरीचे कापड ताणले जाते आणि टाके पडू लागले की आखडते, त्यामुळे साध्या सुती शर्टावर सुबक उमटणारे नाव टी-शर्टवर भरले की अनुस्वार बुजतो आणि ‘ष’चे पोट दोऱ्याने भरून जाते. अक्षरे बारीक असतील तर नेहमीचा ४० नंबरचा दोरा बाजूला ठेवून ६० नंबरचा, म्हणजे अधिक बारीक दोरा घ्यावा आणि त्याला ६५/९ आकाराची बॉलपॉइंट सुई लावावी. तिचे टोक गोलसर असल्याने कापडाचा धागा तुटत नाही व कापडाला भोके पडत नाहीत.

कापडाच्या मागे स्टॅबिलायझर, म्हणजे आधाराचे अस्तर, लावावे लागते; तो कापून काढायचाच घ्यावा, कारण फाडून काढायचा स्टॅबिलायझर सुईच्या दाट छिद्रांनी सुटतो आणि काही धुण्यांनंतर अक्षरे चुरगळतात. टी-शर्ट हूपमध्ये (भरतकामाच्या चौकटीत) बसवताना अजिबात ताणू नये. विणीच्या उभ्या ओळी सरळ दिसत आहेत ना, हे हूप आवळल्यावर पुन्हा पाहावे. ताणून बसवलेले कापड हूप सुटताच मागे येते आणि नावाभोवती सुरकुत्या धरते. वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म अंथरावी, म्हणजे टाके ‘पिके’ (piqué), म्हणजे पोलो टी-शर्टच्या खडबडीत विणीच्या कापडाच्या खळग्यांत बुडत नाहीत.

खरी कसोटी डिजिटायझिंगची, म्हणजे अक्षरांची मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवण्याची. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने मूळ अक्षराला इंग्रजीपेक्षा जास्त उंची द्यावी. जागा अपुरी असेल तर आडनावाचे आद्याक्षर वापरणे बरे. कोणतीही रेघ १ मिमीपेक्षा बारीक ठेवू नये. सॅटिन टाका (रेघ भरून काढणारे शेजारी-शेजारी आडवे टाके) रेघेची रुंदी आत ओढतो आणि टोके बाहेर ढकलतो, म्हणून उभ्या दंडाला थोडी जास्त रुंदी द्यावी, शिरोरेखा दोन्ही टोकांना किंचित आखूड ठेवावी आणि ती सर्व अक्षरे झाल्यावर एका दमात भरावी. तिच्याखाली मधोमध धावणारा एकच आधार टाका पुरतो.

वेग मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपास ठेवून आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर नमुना काढावा. अक्षरांमधले सुटे दोरे फिल्म काढण्यापूर्वीच कापावेत, उरलेली फिल्म ओल्या फडक्याने पुसावी आणि मागचा स्टॅबिलायझर अक्षरांपासून साधारण अर्धा सेंटीमीटर सोडून, कापडाला कात्री लागू न देता, गोलाईत कापावा.