सिकलसेलच्या संशोधनासाठी बँडचा कार्यक्रम ठेवायचा तर

बँडवाल्या भावांनो, वाद्यं नंतर काढा. पैसा कुठे जाणार, ते आधी ठरवा. कोणाच्या ऑपरेशनसाठी वर्गणी मागितली, तर आपल्या गडचिरोलीतल्या वडसा-आरमोरीकडचा माणूस लगेच खिशात हात घालतो. संशोधनासाठी मागितली की विचारतो, "मास्तर, यानं बरं कोण होणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तिकिटं छापायच्या आधी तुमच्या तोंडी असायला पाहिजे.

मी आशाताईपासून, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीपासून सुरुवात करतो. बाळंतिणीच्या घरी ती वजनकाटा घेऊन येते, बाळाला ऊब आहे का, अंगावर पितंय का ते बघते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेऊन पाहिली, दुसऱ्या ४७ गावांशी ताडून पाहिली. त्या ३९ गावांत बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात उतरलं. म्हणजे आपल्याच गावांतल्या संशोधनानं लेकरं वाचली. एवढं सांगितलं की लोक पुढचं ऐकतात.

मग सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा पोरगा एसएस आहे, म्हणजे त्याला हा आजार आई आणि बाप दोघांकडून आला आहे. दुखणं उठलं की त्याला काडी धरवत नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीनं पुष्कळांचा त्रास कमी होतो. पण एकाच घरातली दोन एसएस भावंडं घ्या : एकाला वरचेवर भरती करावं लागतं, दुसरा रोवणीला जातो. आईच्या पोटात असताना जे हिमोग्लोबिन असतं, ते ज्याच्या रक्तात जास्त टिकतं त्याला त्रास कमी होतो, इतपत कळलं आहे. बाकीचं शोधायचं आहे, आणि ते आपल्या भागातल्या रक्तातच शोधावं लागेल. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गावांत हा आजार आहे, त्या गावांचा त्याच्या संशोधनात वाटा असावा.

संस्था निवडताना नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नका. वैद्यकीय महाविद्यालय असो की विश्वस्त संस्था, तिच्याकडून पत्रावर लिहून घ्या : पैसा कोणत्या कामाला लागणार, त्या कामाला नैतिकता समितीची मंजुरी आहे का, आणि देणगी कोणत्या खात्यात जमा होणार. "संशोधनासाठी" एवढंच लिहिलेलं पत्र घेऊ नका. तपासणीचं रसायन, गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवास, असं नेमकं काम मागा. स्टेजवर सांगायला तेच लागतं.

पैसा बँडमास्तरच्या फोनवर घेऊ नका. क्यूआर कोड संस्थेचा, पावतीपुस्तक संस्थेचं. स्वतःच्या नावानं वर्गणी काढायची असेल, तर गणेश मंडळं काढतात तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. कोणा व्यापाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्यायला सांगा.

बँडवाल्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. लग्नाच्या वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला परवाना लागत नाही, कायद्यानंच सूट दिली आहे. तिकीट लावून तीच गाणी वाजवली की ती सूट राहत नाही, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस संस्थेचा परवाना काढावा लागतो. पोलीस ठाण्याची परवानगी तर पाहिजेच. मैदान दवाखान्यापासून आणि शाळेपासून शंभर मीटरच्या बाहेर असू द्या, आणि रात्री दहाला भोंगे बंद.

तारीख. जागतिक सिकलसेल दिन १९ जूनला असतो, पण तेव्हा आपल्याकडे धानाचे पऱ्हे टाकायची घाई आणि वर पाऊस. त्या दिवशी शाळेत माहिती सांगा, कार्यक्रम नको. धान चुरून, विकून हातात पैसा आला की ठेवा. शेजारच्या गावात मंडईची जत्रा, बैलांचा शंकरपट किंवा नाटक आहे का, ते आधी विचारा.

थंडीचा विचार मात्र नीट करा. आपल्या झाडीपट्टीत नाटक पहाटेपर्यंत चालतं, लोक घोंगडी घेऊन बसतात. पण थंडी, जागरण आणि अंगातलं पाणी कमी होणं, या तिन्हींनी सिकलसेलवाल्याचं दुखणं उठू शकतं. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांनाच रात्री भरती करावं लागलं तर काय उपयोग? म्हणून उन्हं कलताच सुरू करा आणि आठ-साडेआठला संपवा. ताडपत्रीखाली तणस पसरा, तिन्ही बाजूंनी कनात लावा. पाण्याचे कॅन मागे कोपऱ्यात नकोत, बसल्या जागी हाताला लागतील असे ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून एक गाडी सांगून ठेवा.

गारव्यात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट उतरतात, कॅसिओ जागचा हलत नाही. म्हणून स्टेजवर येऊन थोडं फुंकून वाद्य गरम होऊ द्या, मग कॅसिओशी सूर जुळवा. सुरुवात खंजिरी भजनानं करा, म्हातारी माणसं तिथेच बसून राहतात. वरातीचं वाजवणं शेवटी. मधे बोलायला पाच मिनिटं पुरतात, भाषणांची रांग लावाल तर लोक उठतील.

आजारी लेकराला स्टेजवर उभं करू नका. पैसे जास्त जमतात म्हणून सांगणारे भेटतील, ऐकू नका. त्या लेकराला उद्या त्याच शाळेत जायचं आहे. कोणाला स्वतःहून बोलायचं असेल, तर माईक द्या.

आरोग्य विभागाला विनंती करून तपासणीचा टेबल लावून घ्या. बोट टोचून सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे पुढच्या तपासणीत कळतं. एएस माणूस वाहक असतो, बहुतेकांना काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही एएस असले, तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू एसएस असण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, हे माईकवर मोकळेपणानं सांगा. कोणाचा निकाल मात्र माईकवर जाता कामा नये, टेबलाभोवतीही गर्दी नको. निकालाची कुजबुज झाली की पोरींची जमलेली लग्नं मोडतात. कोणत्याही जातीचं नावही घेऊ नका.

हिशोबाबद्दल माझं मत ठाम आहे. मास्तर आणि मुख्य वाजवणारे फुकट वाजवोत, पण ढोल-ताशाच्या पोरांची त्या दिवसाची सुपारी बुडते, त्यांना मजुरी द्या. मंडप, जनरेटर, मजुरी या खर्चाला वेगळा देणगीदार शोधा, म्हणजे तिकिटाचा रुपयान् रुपया संस्थेकडे जाईल. उरलेली तिकिटं फाडू नका, मोजून दाखवता आली पाहिजेत. आठवड्याच्या आत जमा, खर्च आणि संस्थेची पावती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षी तारीख धरायच्या आधी संस्थेच्या माणसाला गावात बोलवा आणि त्या पैशातून काय झालं, काय नाही झालं, ते त्याच्याच तोंडून लोकांना ऐकवा.