सातबारा वाचताना या चुका टाळा: शब्द ओळखीचे, अर्थ निराळे

आमच्या घरी वाटणीवरून दोन दिवस वाद पेटला होता. उताऱ्यावर क्षेत्र होतं 1.20.00. थोरले काका म्हणाले, "एक एकर वीस गुंठे." धाकटे म्हणाले, "रान तर तीन एकरांच्या घरात आहे, निम्मं गेलं कुठं?"

कुठंच गेलं नव्हतं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र एकर-गुंठ्यांत नसतं. ते हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमानं लिहितात. आर हे फ्रान्समधून आलेलं माप, 100 चौरस मीटरचं. हेक्टरमधल्या 'हेक्ट'चं मूळ 'शंभर' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. म्हणून हेक्टर म्हणजे 100 आर. काकांचे 1.20 हेक्टर म्हणजे दोन एकर साडेअडतीस गुंठे. गोंधळ होतो कारण आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर. पाच-दहा गुंठ्यांत फरक कळत नाही, पण हेक्टरला एकर समजलात की निम्म्याहून जास्त जमीन कागदावरच गायब!

पोटखराबा म्हणजे गटातलं लागवडीखाली न धरलेलं क्षेत्र. त्यातला 'पोट' म्हणजे आतला, उपविभाग. पोटकलम, पोटनिवडणूक यांतला तोच. आणि खराबा हा अरबी 'खराब'चा वंशज. त्यामुळे ते क्षेत्र तुमच्या गटाच्या आतच असतं, कुणी काढून नेलेलं नसतं. वर्ग अ म्हणजे खडक, खाणीसारखी पिकाला निरुपयोगी जागा. वर्ग ब मध्ये रस्ता, नाला अशी सार्वजनिक वापराची. विकत घेताना ब नीट बघा.

'भोगवटादार वर्ग 2' म्हणजे दुय्यम प्रतीची माती, असं समजणारे मला शहरात पुष्कळ भेटतात. मातीचा इथं संबंधच नाही. भोगवटा म्हणजे ताबा ठेवून उपभोग घेणं, आणि वर्ग 2 म्हणजे त्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन आहे. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना इसार देऊन बसू नका.

आणेवारी तर दुतोंडी. रुपयाचे 16 आणे, त्यावरून हिस्सा सांगायची ही रीत: चार आणे म्हणजे पाव वाटा. पिकाच्या अंदाजालाही लोक आणेवारीच म्हणतात, सरकारी कागदावर आता पैसेवारी असते. ती 50 पैशांच्या खाली आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. वाटणीच्या कागदात हिस्स्याची आणेवारी वाचून पिकाचं काय झालं, असं विचारू नये.

क्षेत्राचा वाद मिटला तेव्हा काकांचं बोट 'इतर हक्क' या रकान्यावर थांबलं. "इथं आपलं कूळ कशाला लिहिलंय? कुलदैवताचं नाव तर नाही." हे कूळ घराण्याचं नव्हे, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं. असं नाव दिसलं तर शेजारचा फेरफार क्रमांक टिपा आणि गाव नमुना 6 मधली, म्हणजे फेरफार नोंदवहीतली, ती नोंद काढायला सांगा. कधी कधी 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापर्यंत, म्हणजे कायद्यानं कुळांना जमिनीचे मालक मानलं त्या दिवसापर्यंत, मागे जावं लागतं.