हक्काची माणसे कशी जोडावीत आणि कशी टिकवावीत

तब्येतीची तक्रार घेऊन गेल्यावर झोप, आहार, व्यायाम आणि व्यसने यांची चौकशी होते. परंतु ‘अडीअडचणीला हक्काने कोणाला हाक मारता?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारला जायला हवा. अमेरिकेतील अलामेडा काउंटीत १९६५ पासून नऊ वर्षे सुमारे सात हजार प्रौढांच्या आरोग्याचा मागोवा घेण्यात आला. जोडीदार, आप्त, मित्र आणि संस्था यांच्याशी फारसे बंध नसलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण भरपूर बंध असलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक असल्याचे लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, आणि धूम्रपानासारख्या सवयी हिशेबात धरल्यानंतरही हा फरक पुसला गेला नाही. पुढे अशा १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सामाजिक नाती भक्कम असलेल्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

यामागे शरीराची स्वतःची यंत्रणा आहे. धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि ती अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि शरीर तयारीत येते. संकट टळल्यावर ही तयारी मोडावी अशी योजना असते. मात्र काळजी सतत एकट्याने वाहावी लागली, तर ती मोडतच नाही आणि झोप, रक्तदाब व प्रतिकारशक्ती यांना त्याची झळ बसते. विश्वासाचे माणूस जवळ असले, की मेंदू धोक्याचे मोजमापच वेगळे करतो. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विवाहित स्त्रियांना विजेच्या सौम्य धक्क्याची पूर्वसूचना देऊन त्यांच्या मेंदूचे चित्रण केले होते. पतीचा हात हातात असताना धोक्याला मिळणारा प्रतिसाद स्पष्टपणे कमी झाला, अनोळखी माणसाच्या हाताने तितका झाला नाही, आणि ज्यांचे सहजीवन अधिक समाधानाचे होते त्यांच्यात तो सर्वांत जास्त उतरला.

सुरुवात कागदावर करावी. मनातली गोष्ट कोणाला सांगता येते, अपरात्री आजारी पडल्यास कोण धावून येईल आणि आठवड्यातून एकदा तरी कोणासोबत काही केले जाते, या तीन प्रश्नांपुढे नावे लिहावीत. ओळखी भरपूर असलेल्या माणसाचीही यांतील एखादी जागा रिकामी राहते, आणि कामाला तिथूनच लागावे. सगळा भार एकाच व्यक्तीवर, बहुधा जोडीदारावर, पडत असेल तर तेही या कागदावरच दिसते.

नवी माणसे जोडायची असतील, तर माझ्या मते ओळखी वाढवण्यापेक्षा भेटींना नियम लावणे अधिक महत्त्वाचे आहे. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या संशोधनानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास आणि जिव्हाळ्याच्या मैत्रीस २०० तासांहून अधिक सहवास लागतो. आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ आणि तीच ती माणसे, असे दोन तास दिले तर पहिला टप्पा सहा महिन्यांत गाठता येतो. वर्षातून एकदा होणाऱ्या थाटामाटाच्या संमेलनातून तो कधीच गाठता येत नाही. म्हणून गायन, चालणे, वाचन, खेळ किंवा सेवाकार्य यांपैकी जे मनापासून आवडते त्याचा गट निवडावा. हाताला काम असले की गप्प राहणेही अवघड वाटत नाही, आणि मुखदुर्बळ माणसाला ही सोय फार मोठी असते. पहिल्या दोन-तीन भेटींत परकेपणा जाणवेल. तेवढ्यावरून गट सोडू नये. सतरंज्या उचलणे किंवा येणाऱ्यांची नोंद ठेवणे असे लहानसे काम अंगावर घ्यावे, कारण काम असलेल्या माणसाची वाट पाहिली जाते.

तुटलेला संपर्क जोडणे त्याहून सोपे असते, तरी संकोच आड येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की अवचित केलेल्या विचारपुशीने समोरच्याला किती आनंद होईल, याचा अंदाज माणसे प्रत्यक्षाहून कमी बांधतात. लांबलचक माफीनामा लिहिण्याची गरज नाही. ‘आज आपल्या जुन्या खोलीवरच्या गप्पा आठवल्या, म्हणून लिहीत आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटे फोन करू का?’ एवढे पुरे. यात आठवण नेमकी आहे, वेळ ठरलेली आहे आणि नकार देणेही सोपे आहे. ‘कधीतरी भेटू’ असे लिहिल्यास ती भेट बहुधा होत नाही.

भेटीत ताण हलका होतो तो ऐकून घेतल्यामुळे. कोणी दुःख सांगू लागले, तर ‘तुला काही सुचवू, की नुसते ऐकू?’ असे आधी विचारावे आणि मग उत्तराप्रमाणे वागावे. मात्र तीच तक्रार पुन्हा पुन्हा घोळवत राहिल्याने मन मोकळे होण्याऐवजी अधिकच जड होते. अशा वेळी सोबत बाहेर पडून चालणे बरे. मदत मागतानाही ती मोजकी आणि स्पष्ट असावी: ‘मंगळवारी तपासणीला माझ्यासोबत येशील का?’ केवळ देणारेच राहिल्याने नाते एकतर्फी होते.

प्रत्येक नाते मात्र औषधासारखे लागू पडत नाही. २००५ मधील एका अभ्यासात ४२ जोडप्यांच्या त्वचेवर लहानशा जखमा करून त्यांचे भरणे पाहण्यात आले. ज्यांच्या वागण्यात वैरभाव अधिक होता त्यांच्या जखमा संथपणे भरल्या. म्हणून सतत अपमान करणाऱ्या किंवा धाकात ठेवणाऱ्या माणसापासून अंतर राखणे, हेही आरोग्याचेच काम समजावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी मदत मागावी. आप्तांचा आधार उपचारांची जागा घेऊ शकत नाही, परंतु पहिल्या भेटीची वेळ ठरवून देणे, दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत जाणे आणि घरी परतल्यावर संध्याकाळी एक फोन करणे, एवढे कोणीही करू शकतो.