घरातल्या वयस्कर माणसासाठी कॅमेऱ्याची स्क्रीन लावताय? या चुका टाळा

बऱ्याच घरांत असं होतं की मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात, आई-बाबा गावी, आजूबाजूला एखादी घरफोडी झाली की धास्ती बसते आणि मग गेटवर, दारावर कॅमेरे लागतात. कॅमेरेवाला येतो, अर्ध्या दिवसात काम उरकतो, आईच्या मोबाईलमध्ये ॲप टाकतो आणि "काकू, इथे दाबायचं की दिसतं" सांगून निघून जातो. काकू ते ॲप पुन्हा उघडत नाहीत. बेल वाजली की पूर्वीसारख्याच गुडघा धरत उठतात, दारापर्यंत जातात आणि सेफ्टी डोअरच्या जाळीतून "कोण आहे?" विचारतात.

तर सगळ्यात मोठी चूक ही, मोबाईलवरच्या ॲपलाच स्क्रीन समजायचं. बेल वाजल्यावर आधी चष्मा शोधा, मग मोबाईल शोधा, लॉक उघडा, ॲप शोधा, ते गोल गोल फिरत बसतं, कधी अपडेट मागतं, कधी परत लॉगिन करा म्हणतं, तोपर्यंत कुरिअरवाला गेलेला असतो. त्यात वय झालं की बोटांची त्वचा कोरडी पडते, टच नीट लागत नाही, मग माणूस जोरात दाबतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. यात त्यांचं काही चुकत नाही, ती वस्तूच त्यांच्यासाठी बनलेली नाहीये. त्यांना लागते आधीपासून चालू असलेली, ठरलेल्या जागी असलेली स्क्रीन. मान वळवली की गेट दिसलं पाहिजे, काही दाबायची गरज नको. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीसाठी.

खरेदीच्या आधी त्यांना विचारलंच नाही

दुकानात जायच्या आधी त्यांच्याजवळ बसून विचारा की तुम्हाला नक्की काय बघायचंय. बहुतेक वेळा उत्तर येतं, दारात कोण आलंय तेवढं कळलं तरी खूप झालं. एवढंच असेल तर चार कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र रेकॉर्ड करणारा डबा) घेऊच नका, साधा व्हिडिओ डोअर फोन घ्या, वायरवाला. दाराबाहेर बटण आणि कॅमेरा, आत भिंतीवर साधारण ७ इंचाची स्क्रीन, बेल दाबली की स्क्रीन आपोआप लागते, बोलायचं असेल तर एक बटण. इंटरनेट नको, ॲप नको, पासवर्ड नको. फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसासाठी माझं मत कायम याच्याच बाजूने आहे.

बंगला आहे, गेट लांब आहे, मागे परसदार आहे, तर मग डीव्हीआर आणि त्याला जोडलेला वेगळा मॉनिटर. आणि वायफाय कॅमेरा आधीच घेऊन ठेवला असेल तर जुना टॅब वापरता येतो, त्याचं पुढे सांगतो. फक्त बॅटरीवर चालणारा वायफाय कॅमेरा यासाठी घेऊ नका, तो बॅटरी वाचवायला झोपलेला असतो, हालचाल झाली की जागा होतो, कायम चालू राहणारं चित्र त्यातून मिळत नाही.

घरातल्या टीव्हीलाच जोडून दिलं

ही कॅमेरेवाल्यांची आवडती युक्ती, टीव्हीच्या मागे एचडीएमआयला पिन लावून देतात आणि सांगतात सोर्स बदला की कॅमेरा दिसतो. पण घरात आधीच दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा आणि एक सेट टॉप बॉक्सचा, त्यातला सोर्सचा बटण टीव्हीच्या रिमोटवर, आणि तो रिमोट एकदा टीव्ही लागला की कोणी हातात घेत नाही. मालिका चालू असताना बेल वाजली तर सोर्स बदलणार कोण? आणि बदललाच तर परत मालिकेवर येता येत नाही, "नो सिग्नल" येतं, मग रात्री आठला तुम्हाला फोन, टीव्ही बिघडलाय म्हणून.

१९ ते २२ इंचाचा साधा एलईडी मॉनिटर घ्या, सेकंडहँड चालेल. साधारण २० ते २५ वॉट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास, हे बाबांना आधीच सांगा नाहीतर ते लाईट बिलाच्या भीतीने बंद करून ठेवतील. घेताना एक गोष्ट तपासा, चालू असताना बोर्डावरचं बटण बंद करून परत चालू करा, मॉनिटर आपोआप लागतो का बघा. काही मॉनिटर लाईट गेली की परत बटण दाबल्याशिवाय लागत नाहीत, असला नको.

डीव्हीआर जसा खोक्यातून आला तसाच ठेवला

इथे जरा वेळ द्या, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

बऱ्याच डीव्हीआरमध्ये ठराविक मिनिटं कोणी माऊस हलवला नाही की आपोआप लॉगआउट होतं. लॉगआउट झाल्यावरही कॅमेरे दिसत राहावेत अशी वेगळी परवानगी असते, कॅमेऱ्यांच्या नंबरांसमोर टिक करायची असते, ती नसेल तर स्क्रीन काळी पडते आणि पासवर्ड विचारत बसते. जनरल सेटिंगमध्ये किंवा युजरच्या सेटिंगमध्ये ती सापडते, शोधून काढाच. आपोआप लॉगआउट मात्र चालू ठेवा, म्हणजे चुकून काही दाबलं तरी सेटिंग बिघडत नाही.

दुसरं, आपोआप कॅमेरे बदलत राहणं. पाच सेकंद गेट, पाच सेकंद जिना, पाच सेकंद पार्किंग. तरुण माणसाला चालतं, पण आजीची नजर स्क्रीनवर स्थिरावेपर्यंत चित्र बदललेलं असतं, मग गेटवरचा माणूस जिन्यात कसा आला असं वाटून घाबरायला होतं. बंद करा ते. चार चौकोनही ठेवू नका शक्यतो, गेटचं एकच मोठं चित्र ठेवा, फार तर दोन. डीव्हीआर बंद होऊन चालू झाल्यावर तेच चित्र परत येतं का, हेही बघा.

तिसरं रिझोल्यूशन. डीव्हीआरमधून ४के बाहेर पडतंय आणि मॉनिटर जुना आहे, तर काहीच दिसत नाही, कधी "मोड नॉट सपोर्टेड" येतं. १०८०पी वर आणा. एचडीएमआयवर दिसतच नसेल तर व्हीजीए केबल लावून बघा, बहुतेक डीव्हीआरला तीही पिन असते.

आणि तो बीप. हार्ड डिस्क खराब झाली की काही डीव्हीआर सारखे बीप बीप करतात, रात्री झोप लागत नाही म्हणून घरातले प्लगच काढून टाकतात आणि महिनोन्‌महिने रेकॉर्डिंग नसतं, ते कळतं चोरी झाल्यावर. आवाज सेटिंगमधून बंद करता येतो पण डिस्क बदलावीच लागते, आणि बदलताना सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरमधली जुनी काढून लावू नका. लाईट गेल्यावर तारीख-वेळ चुकत असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय, स्वस्तातलं काम आहे पण करून घ्या, पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर वेळ बरोबर लागते.

सगळं झालं की माऊस काढून ड्रॉवरमध्ये ठेवा.

जुना टॅब चार्जरला लावून सोडून दिला

टॅबची आयडिया चांगली आहे पण दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवलेला टॅब काही महिन्यांत फुगू शकतो, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं जातं, आणि एकट्या माणसाच्या घरात हा धोका नको. स्मार्ट प्लग किंवा साधा टायमर लावा, दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा वेळ चार्जिंग होईल असा. काही टॅबमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं सेटिंग असतं, ते असेल तर उत्तम. महिन्यातून एकदा टॅब टेबलावर उताणा ठेवून डगमगतो का बघा, डगमगला तर वापर बंद.

स्क्रीन बंद होऊ नये म्हणून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (अँड्रॉइड सेटिंगमधला लपलेला भाग) "स्टे अवेक" असतं, पण ते फक्त चार्जिंग चालू असतानाच काम करतं, त्यामुळे टायमर लावला असेल तर स्क्रीन चालू ठेवायचं काम ॲपनेच करायला हवं. कंपनीच्या ॲपपेक्षा टायनीकॅमसारखं ॲप यासाठी बरं पडतं, त्यात कॅमेऱ्याचं आरटीएसपी चित्र, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट निघणारं, सरळ घरातल्या वायफायवरून येतं. कॅमेरा घेतानाच आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि ॲप जुळायची पद्धत) आहे का विचारा. टॅपो ब्रँडच्या कॅमेऱ्यांत यासाठी ॲपमध्ये "कॅमेरा अकाउंट" म्हणून वेगळा युजर-पासवर्ड बनवावा लागतो, नेहमीचा चालत नाही, लोक इथेच अडकतात. आणि राउटरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी, म्हणजे वायफायवरचा त्याचा पत्ता, पक्का करून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की आयपी बदलतो आणि टॅबवर नुसती काळी चौकट. टॅबमधून व्हॉट्सॲप, यूट्यूब, सगळं काढा, ॲप पिन करा म्हणजे चुकून त्यातून बाहेर पडता येणार नाही, स्क्रीन आडवी लॉक करा.

वायफाय कॅमेरा राउटरला जोडतच नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच, कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो आणि राउटरवर २.४ आणि ५ या दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलेलं असतं. दोन नावं वेगळी करा आणि परत जोडा.

स्क्रीन कुठे ठेवायची

टीव्हीसारखी उंच भिंतीवर नको. वयस्कर माणसांचा चष्मा बरेचदा बायफोकल, खालच्या भागातून जवळचं दिसतं, स्क्रीन वर असली की मान मागे टाकून हनुवटी वर करून बघावं लागतं आणि मान धरते. आई-बाबा दिवसभर जिथे बसतात त्या खुर्चीत तुम्ही स्वतः बसा, तिथून नजरेच्या जरा खाली येईल अशी ठेवा. समोर खिडकी नको, उजेडाची चमक पडते, मोतीबिंदू असेल तर अजूनच त्रास. स्वयंपाकघरात वेळ जास्त जातो तर तिथून दिसेल अशी ठेवा, हॉलच्या शोभेचा विचार नको.

आमच्या मावशीकडे साताऱ्याला स्क्रीन हॉलमध्ये शोकेसमध्ये होती, मावशी दिवसभर आत ओट्यापाशी. ती ओट्याशेजारच्या फळीवर आणल्यापासून मावशी भाजी निवडता निवडता गेटवर कोण आलं ते सांगते, दूधवाल्याच्या नव्या मुलाला सुद्धा ओळखते.

चित्र दिसतं पण माणूस ओळखू येत नाही

कॅमेरा छताला लावला की फक्त डोकी दिसतात. दाराचा कॅमेरा पाच-साडेपाच फुटांवर हवा, चोरांसाठी एक उंच असेल तर असू दे. दार पूर्वेला असेल तर सकाळी मागून ऊन येतं आणि चेहरा काळा होतो, डब्ल्यूडीआर (उजेड-अंधाराचा समतोल साधणारं सेटिंग) चालू करा. रात्री सगळं पांढरं धुरकट दिसत असेल तर बघा, कॅमेऱ्यासमोर काच आहे किंवा कोळ्याचं जाळं, कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड त्यावर आपटून परत येतो. केरसुणीने जाळं काढलं की निम्मे कॅमेरे "दुरुस्त" होतात, त्यासाठी व्हिजिटचे पैसे देऊ नका. पावसाळ्यात चित्र थरथरायला लागलं, आडव्या रेघा आल्या तर बाहेरचा जॉइंट किंवा अडॅप्टर भिजलाय, जॉइंट डब्यात घ्या आणि वायर आत जाण्याआधी थोडी खाली लोंबकळत ठेवा म्हणजे पाणी तिथून गळून जातं.

पासवर्ड कॅमेरेवाल्याकडेच राहिला

हे फार होतं. तो स्वतःच्या मोबाईल नंबरवर अकाउंट बनवतो आणि तुम्हाला नुसतं शेअर करतो, म्हणजे तुमच्या आईचं दार तो कधीही बघू शकतो. मुख्य अकाउंट तुमच्या नंबरवर, पासवर्ड तुम्ही टाकलेला, हे तो घरात असतानाच करून घ्या. खोक्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका, २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर असल्याच पासवर्डमुळे ताब्यात घेतले होते. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा तपासणीचे निकष लागू झालेत, नवीन घेताना दुकानदाराला एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्राबद्दल विचारा.

फोन आला, "काही दिसत नाही"

फोनवरून या क्रमाने विचारा: घरात लाईट आहे का, मॉनिटरचा छोटा दिवा लागलाय का, डीव्हीआरचा लागलाय का. दोन्ही दिवे लागलेत आणि चित्र नाही तर बोर्डावरचं एकच बटण बंद करून थोडं थांबून परत चालू करायला सांगा, आणि त्यासाठी मॉनिटर आणि डीव्हीआर एकाच बटणावर ठेवा, त्या बटणाला लाल टेप लावा. कॅमेऱ्यांचा अडॅप्टर आणि हे सगळं इन्व्हर्टरवर घ्या, वायफायवालं असेल तर राउटरही. डीव्हीआरला जोडलेल्या मॉनिटरला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रिचार्ज संपला तरी त्यांना दिसत राहतं, दिसत नाही ते तुम्हाला मोबाईलवर. हे त्यांना सांगून ठेवा नाहीतर तुमच्या ॲपवर ऑफलाइन आलं की दोन्हीकडे उगाच घबराट.

राहिला घराच्या आतला कॅमेरा. आई पडल्या-झडल्या तर कळावं म्हणून लावावासा वाटतो, समजू शकतो, पण त्यांना विचारल्याशिवाय लावू नका, आणि लावलात तर त्यातून कुठे काय दिसतं हे त्यांच्याच स्क्रीनवर त्यांना दाखवा, म्हणजे कपडे बदलायची, पूजेची जागा त्या स्वतः ठरवतील. नको म्हणाल्या तर विषय सोडा, दाराचा कॅमेरा आणि रोजचा एक फोन यावर भागवा.