फ्लॅट विकायला काढताय? आधी किचनमधली सगळी दारं उघडून बघा

रिसेलला फ्लॅट काढला की पहिला सल्ला हाच मिळतो, किचन नवीन करून घे, भाव चढेल. मी ठाण्यात इंटिरियरची कामं घेतो, अधूनमधून वाशी-खारघरकडेही असतात, आणि मला हा सल्ला सरसकट पटत नाही. सगळं किचन तोडून नवीन करायचा खर्च भावात पूर्ण वसूल होईलच असं नाही, कारण घेणारा बऱ्याचदा आपल्या आवडीने परत तोडतोच. पण घर बघायला येणाऱ्या मंडळींचा एक पॅटर्न असतो. एकजण हॉलमध्ये पार्किंग आणि मेंटेनन्स विचारत बसतो आणि घरात रोज स्वयंपाक करणारं माणूस सरळ आत जातं, सिंकखालचं दार उघडतं, नळ सोडून बघतं, खिडकी सरकवतं, आणि फ्रीज कुठे ठेवलाय ते बघतं. या चार ठिकाणी निभावलं तर निम्मं काम झालं समजा.

सिंकखालून सुरुवात करा. तिथे पार्टिकल बोर्ड असेल तर तो फुगलेला असणारच, आपल्याकडचा पावसाळा आणि वरून गळणारा वेस्ट पाइप, दोन्ही मिळून त्याला सोडत नाहीत. पूर्ण ट्रॉल्या बदलायची गरज नाही, फक्त तो एक खण सुताराकडून बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला दाद न देणाऱ्या ७१० ग्रेडच्या प्लायमध्ये करून घ्या, आतून लॅमिनेट लावून कडा नीट बंद करून, आणि प्लंबरला बोलावून वेस्ट कपलिंग आणि पाइप नवीन टाका. झुरळांचं पेस्ट कंट्रोल घर बघायला लोक यायच्या निदान आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी केलंत तर औषधाच्या वासावरूनच लोकांना कळतं. सिंक लहान असेल तर मात्र बदला. आपल्याकडे परात, मोठा कुकर, कढई, दुधाचं पातेलं असं सगळं घासायचं असतं, त्यामुळे दोन छोट्या कप्प्यांच्या सिंकपेक्षा एकच खोल आणि मोठं, ३०४ ग्रेड स्टीलचं, साधारण २४ बाय १८ इंची सिंक लोकांना लगेच आवडतं.

आता ड्राय बाल्कनी, ज्याच्याकडे विकणाऱ्यांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. घोडबंदर रोडचे टॉवर घ्या नाहीतर नेरूळ, खारघरच्या सोसायट्या, किचनला लागून तीन-चार फुटांची जागा असते आणि तिथे जुनी सायकल, रद्दी, फुटक्या कुंड्या आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल पडलेलं असतं. ती जागा रिकामी करून द्या आणि तिथे वॉशिंग मशीनचा नळ, आउटलेट आणि १६ अँपियरचा पॉइंट चालू करून दाखवा. भांडी घासायला मोरीसारखा छोटा कोपरा, खाली व्यवस्थित उतार आणि न तुंबणारा नहाणी ट्रॅप असेल तर फार बरं, कारण भांड्याला येणाऱ्या ताई तिथेच बसून घासतात आणि किचन कोरडं राहतं, हे बघायला आलेल्या माणसाला सांगावंही लागत नाही. वर कपड्यांची पुलीची दोरी लावा. आणि कृपा करून ती बाल्कनी किचनमध्ये घेऊन किचन मोठं करायच्या भानगडीत विकायच्या तोंडावर पडू नका. सोसायटीची परवानगी, महापालिकेचा मंजूर प्लॅन, खालच्या मजल्यावर लीकेज, हे सगळं निघतं आणि घेणाऱ्याचा वकील किंवा बँकेचा माणूस प्लॅनशी ताडून बघतो तेव्हा बोलणी तिथेच अडकतात.

फ्रीज हा जुन्या घरांचा मोठा प्रॉब्लेम. सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्ये किंवा नौपाड्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये किचन असं आहे की फ्रीज हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला येऊन बसतो, आणि घेणाऱ्याला ते मुळीच आवडत नाही. किचनमध्ये कुठेही अडीच फूट रुंदीची जागा काढता आली, एखादं कपाट काढून का होईना, तर काढा आणि तिथे पॉइंट द्या. साइड बाय साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन दारांच्या फ्रीजला साधारण ३ फूट लागतात आणि शिवाय दार उघडायला जागा, ती नसेल तर उगाच बसेल म्हणून सांगू नका, लोक टेप घेऊन येतात.

पॉइंटचंही तसंच. जुन्या किचनमध्ये ओट्यावर एक-दोन प्लग आणि त्यातून मिक्सर, इंडक्शन, प्युरिफायर असं सगळं एक्स्टेन्शन बोर्डवर लोंबकळतं, जे दिसायला वाईट आणि धोक्याचंही. इंडक्शन, ओव्हन, इन्स्टंट गिझर यांना १६ अँपियर लागतं, मिक्सर-प्युरिफायरला ६ चालतं. ओट्यावर दोन टोकांना मिळून चार-पाच पॉइंट आणि वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी, एवढं केलं तरी जुनं किचन उजळतं. कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो असं विचारलंत तर मी ही पट्टीच सांगेन, कारण आपल्या बऱ्याच किचनमध्ये ओट्यासमोर उभं राहिलं की ट्यूबलाइट पाठीमागे असते आणि आपलीच सावली कापायच्या भाजीवर पडते.

ओपन किचन हवं का, यावर दरवेळी वाद. फोटोत छान दिसतं हे खरं, पण आपल्याकडे रविवारी सुरमई तळतात, रोजची फोडणी आहे, मिरचीचा ठसका आहे, तो सगळा सोफ्याच्या कापडात जाऊन बसतो. माझ्या मते काचेचं सरकतं पार्टिशन हा मधला मार्ग, दार उघडं ठेवलं की मोकळं वाटतं आणि तळण सुरू झालं की बंद. भिंत तोडायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट तपासा, गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवन पद्धतीने बांधकाम झालंय, म्हणजे विटांची भिंत नाहीच, आतली भिंतसुद्धा सळई घातलेलं काँक्रीट. तिला हात लावायचा नसतो. चिमणीच्या पाइपसाठी भोक पाडायचं तरी सोसायटीची परवानगी काढून कोअर कटिंगवाल्याकडून.

चिमणीवरून आठवलं, पाइप बाहेर काढलेली चिमणी असेल तर तो मोठा प्लस पॉइंट. पाइप जितका सरळ आणि जितकी वळणं कमी तितकी ती ओढते, शेगडीपासून उंची साधारण २६ ते ३० इंच. चार बर्नरची शेगडी असेल तर ९० सेंटीमीटरची चिमणी, ६० ची बाजूचा धूर पकडत नाही. विकायच्या आधी तेलाचा कप साफ करा. लोक बटण दाबून आवाज ऐकतात, तेव्हा वरून तेलाचा थेंब पडला की आधी सांगितलेलं सगळं पाण्यात.

ओट्याला काळा ग्रॅनाइट असेल तर बदलू नका, पॉलिश करून घ्या, तो हळद, लिंबू, गरम कुकर सगळं सहन करतो. क्वार्ट्झ दिसायला सुंदर पण त्यात रेझिन असतं, तापलेला तवा थेट ठेवला की डाग पडू शकतो. पांढऱ्या संगमरवराचं तर नाव काढू नका, आंबट पडलं की चट्टा कायमचा. उंची साधारण ३२ ते ३४ इंच, कोपरापासून चारेक इंच खाली असावा, नाहीतर पोळ्या लाटताना पाठ धरते. टाइल्सच्या फटी काळ्या झाल्या असतील तर खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे फटी भरायचा पक्का मसाला भरा, टाइल्स बदलल्यासारखं वाटतं आणि खर्च त्या मानाने कमी.

साठवणीच्या बाबतीत ट्रॉल्या अडकत असतील तर चॅनेल, म्हणजे त्या ज्यावर सरकतात त्या पट्ट्या बदला. वर्षाचा मसाला, तांदळाची पिंपं, दिवाळीचे डबे, सोऱ्या, पुरणयंत्र हे आपल्या घरात असतंच, म्हणून माळा रिकामा करून दाखवा, लोक मान वर करून बघतात. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्यांची ओढायची ट्रॉली असली तर छानच. हँडल नसलेली चकचकीत अ‍ॅक्रिलिक शटर मी विकायच्या घरात लावू देत नाही, दोन पाहुणे येऊन गेले की बोटांचे ठसे मोजत बसा. मॅट लॅमिनेट, फिकट रंग, साधे हँडल. लाल-काळं किचन ही एक फॅशन होती, ती गेली, तुमच्याकडे अजून असेल तर फक्त शटरवरचं लॅमिनेट बदलून घ्या.

पाण्याचं विचारतातच. नवी मुंबई महापालिकेच्या भागात मोरबे धरणाचं पाणी, त्याला बऱ्याचदा आरओची गरज पडत नाही, यूव्ही पुरतो, पण सोसायटीत टँकर किंवा बोअर मिसळत असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, वेगळा येतो. घोडबंदरच्या काही सोसायट्यांमध्ये टँकर येतात हे लपवण्यात अर्थ नाही, वॉचमन सांगतोच. सिंकजवळ प्युरिफायरचा वेगळा नळ आणि पॉइंट तयार ठेवा.

वास्तू मानणारे विचारतील शेगडी आग्नेयेला आहे का, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला येतं का. असेल तर सांगा, नसेल तर शेगडी सरकवायला तोडफोड करू नका. पाइप गॅस असेल तर मीटर आणि व्हॉल्व्ह बंद कपाटात कोंडलेले नाहीत ना बघा, जाळीचं शटर लावा. महानगर गॅसचं कनेक्शन घेणाऱ्याच्या नावावर करायला लागतं, त्यामुळे शेवटचं बिल भरून पावती बाजूला काढून ठेवा.

आणि टोकन घ्यायच्या आधी लिहून काढा की घरात काय राहणार, चिमणी, शेगडी, प्युरिफायर, गिझर, फ्रीज, ट्रॉल्या, जाळ्या, एकेक करून. तोंडी ठरलेलं ताबा द्यायच्या दिवशी दोघांनाही वेगवेगळं आठवतं, आणि कोटभर रुपयांचा व्यवहार एका प्युरिफायरवरून तापतो. यादीवर दोघांच्या सह्या, मोबाइलवर फोटो, आणि एक कॉपी एजंटकडेही.